घरची वांगी : चव कढईत बिघडते की झाडावर?

हिरवी_ओंजळ

वांगे कडवट लागते, साल चामट राहते आणि भाजी तेलकट होते, या तीन तक्रारी कोणत्याही पाककृतीखाली हटकून वाचायला मिळतात. त्यांवरचे उपायही ठरलेले असतात : मीठ लावून ठेवा, पाण्यात भिजवा, तेल थोडे वाढवा. माझे मत असे आहे की यांपैकी पहिल्या दोन तक्रारींचा स्वयंपाकाशी संबंध फारच थोडा आहे. वांगे झाडावरून केव्हा उतरवले आणि उतरवल्यावर कुठे ठेवले, यावर चवीचा मोठा भाग आधीच ठरून गेलेला असतो. बाजारातून आणणाऱ्याच्या हाती ही गोष्ट नसते. घरी चार झाडे लावणाऱ्याच्या हाती मात्र ती पूर्णपणे असते, आणि तरीही घरच्या बागेत वांगी सर्रास उशिरा काढली जातात, कारण फळ 'अजून थोडे मोठे होऊ द्यावे' असे प्रत्येकालाच वाटते.

आकार हा काढणीचा निकष होऊ शकत नाही. काही जातींची फळे लिंबाएवढी असताना तयार होतात, तर काहींची वीतभर लांब झाल्यावरही कोवळीच असतात. पाहायची ती सालीची चकाकी. फळ तयार असते तेव्हा सालीत समोरच्या वस्तूचे अंधूक प्रतिबिंब दिसावे इतका तजेला असतो. तो उतरून साल मंद दिसू लागली की आत बिया टणक होऊ लागल्या आहेत असे समजावे. अंगठ्याने हलके दाबून पाहिल्यास कोवळ्या फळावरचा खळगा लगेच भरून येतो. खळगा तसाच राहिला तर वेळ टळली आहे, आणि अंगठा मुळीच रुतला नाही तर फळ अजून कच्चे आहे.

जांभळ्या जातींमध्ये आणखी एक खूण असते आणि ती मला सर्वांत भरवशाची वाटते. देठाची हिरवी टोपी जिथे सालीला चिकटलेली असते, तिथे नखाने तिची कड किंचित उचलून पाहावी. तिच्या लगत पांढरट किंवा फिकट गुलाबी पट्टा दिसेल. सालीला रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये बहुतेक जांभळ्या जातींत उजेड मिळाल्यावरच तयार होतात आणि टोपीखालच्या सालीला उजेड मिळत नाही. फळ जोमाने वाढत असते तेव्हा झाकलेली साल रोज थोडी थोडी बाहेर सरकत राहते आणि रंग चढण्याआधीच नवी साल तिच्या मागून येते, म्हणून पट्टा रुंद दिसतो. वाढ मंदावली की पट्टा अरुंद होतो आणि थांबली की नाहीसा होतो. पट्टा अरुंद होऊ लागला आहे पण अजून दिसतो आहे, तो दिवस काढणीचा. हिरव्या आणि पांढऱ्या वांग्यांना ही खूण लागू पडत नाही. तिथे चकाकी आणि अंगठा यांवरच भिस्त ठेवावी लागते.

फूल उमलल्यापासून साधारण दोन ते चार आठवड्यांत फळ या अवस्थेला येते. ते ओढून तोडू नये, कारण देठ चिवट असतो आणि फळाऐवजी फांदीच हातात येते. कात्रीने बोटाच्या एका पेराएवढा देठ ठेवून कापावे.

काढलेले फळ थेट फ्रीजमध्ये टाकणे ही दुसरी सवय मोडायला हवी. वांगे उष्ण हवेतले आहे आणि १० अंश सेल्सिअसच्या खाली त्याला थंडी बाधते. सालीवर खोलगट डाग पडतात, आतला गर आणि बिया तपकिरी होतात आणि बाहेर काढल्यावर ही बिघाडाची क्रिया आणखी वेगाने होते. १० ते १२ अंश हे त्याला मानवणारे तापमान आहे. घरातला थंड, सावलीचा कोपरा एक-दोन दिवसांसाठी पुरतो. मात्र शेजारी पिकणारी केळी किंवा सफरचंदे असू नयेत, कारण त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने वांग्याची टोपी सुटू लागते आणि फळ लवकर खराब होते.

लागवड आणि स्वयंपाक या दोन्ही बाजूंनी आपले अनुभव वाचायला आवडतील.

नवी_माळीण

टोपीखालचा पट्टा आजच पाहिला आणि तो खरोखरच दिसला, त्याबद्दल आभार. पण माझी अडचण त्याच्याही आधीची आहे. माझ्या कुंड्यांतली झाडे हिरवीगार आहेत, पाने तळहाताहून मोठी आहेत, फुलेही भरपूर येतात; परंतु त्यांतील बहुतेक देठासकट गळून पडतात. खत वेळेवर देते, पाणी रोज घालते. आणखी काय करावे?

सूक्ष्मदर्शी

गळून पडलेले फूल फेकण्याआधी ते जवळून पाहा, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे. वांग्याच्या फुलात मधोमध पिवळ्या परागकोशांचा एक शंकू असतो आणि त्यातून कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचे टोक, बाहेर डोकावते. एकाच झाडावर ही कुक्षी सगळ्या फुलांत सारख्या लांबीची नसते. काही फुलांत ती शंकूच्या बरीच पुढे आलेली असते, काहींत शंकूच्या टोकाशी असते, तर काहींत ती इतकी आखूड असते की शंकूच्या आतच दडून राहते. लांब आणि मध्यम कुक्षीची फुले फळ धरतात. आखूड कुक्षीची फुले जवळजवळ नेहमीच गळतात. त्यामुळे थोडी फूलगळ हा झाडाचा स्वभाव आहे, रोग नव्हे.

मात्र आखूड फुलांचे प्रमाण वाढले तर ते झाड काहीतरी सांगत आहे असे समजावे. फळांचा भार जास्त झालेला असणे, ऊन कमी पडणे किंवा पोषणाचा तोल बिघडणे, यांपैकी एखादे कारण बहुधा सापडते. आपल्या वर्णनातील तळहाताहून मोठी पाने पाहता नत्र जास्त होत असावे असा माझा कयास आहे. नत्राने पाला वाढतो. फळधारणेला पालाशही, म्हणजे पोटॅशही, पुरेसे लागते. काही आठवडे नत्रप्रधान खत थांबवून पाहावे.

फुले लांब कुक्षीची असूनही गळत असतील तर दोन गोष्टी तपासाव्या लागतील. पहिली म्हणजे हवा. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली किंवा दिवसाचे ३५ अंशांच्या वर सलग राहिले, तर परागकण नीट घडत नाहीत आणि खताने त्यावर काहीही इलाज होत नाही. हवामान पालटेपर्यंत झाड जगवणे एवढेच आपले काम असते.

दुसरी गोष्ट परागीभवनाची. वांग्याचे परागकोश इतर बहुतेक फुलांप्रमाणे उभे उकलत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात आणि पराग तेवढ्यातूनच बाहेर पडतो. त्यासाठी फूल थरथरावे लागते. भुंगे आणि काही रानमाश्या फुलाला लटकून, पंख न हलवता नुसते उडण्याचे स्नायू कंप पावतील अशी गुणगुण करतात आणि परागाचा शिडकावा अंगावर घेतात. मधमाशीला हे जमत नाही. फुलातलाच पराग त्याच फुलाच्या कुक्षीला चालतो, त्यामुळे मोकळ्या बागेत वाऱ्याच्या हलण्यानेही काम भागते. बंदिस्त गॅलरीत किंवा जाळीच्या आत ना वारा असतो ना भुंगा. तिथे विजेवर चालणाऱ्या दात घासायच्या ब्रशची मागची बाजू फुलाच्या देठाला क्षणभर टेकवावी. सकाळी उन्हे वर आल्यावर हे केले तर पिवळी भुकटी उडताना डोळ्यांना दिसते.

नवी_माळीण

कुक्षी खरोखरच आत दडलेली आहे. खत थांबवते. कुंडी लहान पडत असण्याचीही शक्यता आहे का? रोप फारच लहान असताना विकत घेतले होते.

कुंडीतले_रान

शक्यता नव्हे, बहुतेक वेळा तेच मूळ कारण असते. वांग्याची मुळे खोल जातात. एका झाडाला किमान १५ ते २० लिटर माती आणि फूटभर खोली हवी. त्याहून लहान कुंडीत झाड जगते, पण दुपारी मान टाकते, पुन्हा पाणी घातल्यावर उभे राहते आणि या ओढाताणीत फुले आणि कोवळी फळे सोडून देते. पाण्याचा असा चढउतार फळांनाही सोसत नाही, त्यांत कडवटपणा लवकर उतरतो. म्हणून काढणीच्या वेळेबद्दल हिरवी_ओंजळ यांनी जे लिहिले आहे त्याला माझी एवढी पुस्ती आहे की ताण पडलेल्या झाडाचे फळ वेळेवर काढूनही पूर्ण गोड लागेलच असे नाही.

दुपारी पाने लोंबली म्हणून लगेच पाणी ओतू नये. मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे. आत ओल असेल तर ती केवळ उन्हाची मरगळ आहे आणि संध्याकाळी झाड सावरते. सकाळीच पाने लोंबलेली दिसली तर मात्र ते तहानेचे किंवा आजाराचे लक्षण मानावे. मातीवर वाळलेल्या पाल्याचे तीन-चार बोटे जाड आच्छादन घातले की पाण्याची निम्मी चिंता मिटते.

बियांपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बी उगवायला २५ ते ३० अंशांची ऊब हवी. तेवढी मिळाली तर एक ते दोन आठवड्यांत कोंब दिसतो, गारठ्यात ते नुसते कुजते. रोप पाच-सहा पानांचे आणि वीतभर उंचीचे झाले की मोठ्या कुंडीत हलवावे, परंतु त्याआधी आठवडाभर त्याला हळूहळू उन्हाची सवय करावी. दिवसाला सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर वांग्याच्या वाटेला जाऊ नये, पालेभाजी लावावी. फळांचा भार आल्यावर फांद्या मोडतात म्हणून काठीचा आधार लावणीच्या वेळीच रोवावा. नंतर रोवलेली काठी मुळे तोडते. पहिले फूल जिथे येते तिथे खोडाला फाटा फुटतो. त्या फाट्याच्या खालची फूट काढून टाकली तर बुडाशी हवा खेळती राहते.

आडवाटेचा_वाफा

सकाळीच पाने लोंबण्याचा उल्लेख आला म्हणून विचारतो. माझ्या वाफ्यात एक निरोगी, फळांनी लगडलेले झाड अचानक कोमेजले. पाने पिवळी पडली नाहीत, हिरवीच राहून लोंबली. दोन दिवसांत झाड गेले आणि आता शेजारचे तसेच दिसू लागले आहे. पाणी कमी-जास्त करून फरक पडला नाही.

सूक्ष्मदर्शी

हिरव्या पानांनिशी कोमेजणे हे जिवाणूजन्य मर रोगाचे ठळक लक्षण आहे. राल्स्टोनिया सोलानासिएरम नावाचा जिवाणू मुळांतून शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तुंबवतो. खात्री करायची असेल तर गेलेल्या झाडाच्या खोडाचा, बुडाजवळचा, बोटभर तुकडा कापावा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा स्थिर धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे पाण्यात उतरताना दिसले तर निदान पक्के झाले. धागे दिसले नाहीत आणि उभे कापल्यावर खोडाच्या आत तपकिरी रेषा दिसल्या, तर बुरशीजन्य मर असण्याची शक्यता जास्त असते. त्यात सहसा खालची पाने आधी पिवळी पडतात.

औषधाने यातून झाड वाचत नाही. ते मुळांसकट उपटून नष्ट करावे, खताच्या ढिगात टाकू नये, आणि जी हत्यारे व हात त्याला लागले ते धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नयेत. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून त्या वाफ्यात टोमॅटो, मिरची आणि बटाटा हे वांग्याचे भाऊबंदही लावू नयेत. तिथेच वांगी हवी असतील तर रानवांग्याच्या, म्हणजे सोलॅनम टॉर्व्हमच्या, खुंटावर कलम केलेली रोपे मिळतात का ते पाहावे. या खुंटाची मुळे रोगाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. तोवर नवी माती भरलेल्या कुंड्या हा सरळ मार्ग आहे.

मंद_आच

इथवरची चर्चा झाडाची झाली, आता चुलीच्या बाजूने थोडा विरोध नोंदवते. धागाकर्त्यांनी मिठाला जवळजवळ निकालात काढले आहे. कडवटपणासाठी मीठ लावणे आज बहुतेक जातींना आवश्यक राहिलेले नाही, हे मला मान्य आहे, कारण निवड करत करत त्यांतला कडूपणा बराच कमी झाला आहे. शिवाय मीठ कडूपणा काढून टाकते त्यापेक्षा तो जिभेवर दाबून टाकते, असेच म्हणावे लागेल. परंतु मीठ लावण्याचे दुसरे कारण तेलाचे आहे, आणि तेलकटपणा ही त्यांनीच लिहिलेली तिसरी तक्रार आहे.

वांग्याचा कच्चा गर म्हणजे स्पंज असतो. त्याच्या पेशींच्या मध्ये हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि गरम तेलात काप पडला की त्या पोकळ्या तेलाने भरतात. अर्धा किलो कापांना चमचाभर मीठ चोळून अर्धा तास चाळणीत ठेवले की पाणी सुटते, पेशी ढिल्या पडतात आणि पोकळ्या बसतात. नंतर काप कोरडे पुसून घेतले की ते बरेच कमी तेल ओढतात. घाई असेल तर चिरलेले काप पाच-सात मिनिटे वाफवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून हेच साधते. तिथेही पोकळ्या आधीच कोसळतात. नंतर मिठाचा हिशोब ठेवायची कटकटही उरत नाही.

मीठ न लावता परतायचे असेल तर एकच पथ्य पाळावे. सुरुवातीला तेल दिसेनासे होते आणि कढई कोरडी पडते, त्या क्षणी हात तेलाच्या भांड्याकडे जातो, तो आवरावा. आच मध्यम ठेवून ढवळत राहावे, हवे तर पाण्याचा हबका मारावा. गर मऊ पडून बसू लागला की त्याने ओढलेल्या तेलातला काही भाग तोच परत सोडतो. मधेच तेल वाढवले तर ते सगळे शेवटी ताटात तरंगते. कोवळ्या वांग्यालाही हे लागू आहे, म्हणून तेलकटपणाचा दोष झाडावर ढकलता येणार नाही.

हिरवी_ओंजळ

तेलाच्या बाबतीत आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि म्हणूनच सुरुवातीला मी 'पहिल्या दोन तक्रारी' असे जपून लिहिले होते. पाण्यात भिजवण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. चिरल्यावर फोडी काळ्या पडतात त्या क्लोरोजेनिक आम्लावर हवेतल्या प्राणवायूची आणि फळातल्याच विकराची, म्हणजे एन्झाइमची, क्रिया झाल्यामुळे. पाण्यात बुडवून हवा तोडली की ती क्रिया मंदावते, परंतु तोच पोकळ गर पाणीही पितो आणि मग खरपूस होण्याऐवजी उकडला जातो. आयत्या वेळी चिरून थेट कढईत टाकणे, किंवा वेळ लागणारच असेल तर लिंबाचे थेंब टाकलेल्या पाण्यात थोडाच वेळ ठेवून पुसून घेणे अधिक बरे. लोखंडी विळीने किंवा सुरीने चिरल्यास काळेपणा लवकर आणि जास्त येतो, स्टीलच्या सुरीने तो कमी होतो.

मंद_आच

हे पटले. सालीच्या रंगाबद्दलही थोडे जोडते. जांभळी द्रव्ये पाण्यात विरघळतात, त्यामुळे पाण्यात शिजवलेले वांगे मळकट तपकिरी होते. सालीची बाजू आधी गरम तेलावर पडली तर रंग बराच टिकतो. दिसण्याला महत्त्व असेल तेव्हा एवढे करावे. चवीत फरक पडत नाही.

अख्खे भाजताना माझी पद्धत अशी आहे. भरपूर गराचे, कमी बियांचे, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलके वाटणारे फळ निवडावे. देठ ठेवावा, तो उलटसुलट करायला मूठ म्हणून उपयोगी पडतो. सुरीने चार-पाच ठिकाणी खोल टोचे मारावेत, नाहीतर आतली वाफ कोंडून फळ फुटते. थेट आचेवर साल पूर्ण काळी पडून फळ देठाशीही लिबलिबीत होईपर्यंत भाजावे. देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी शिजतो आणि कच्चेपणा राहतो तो तिथेच. भट्टीत २२० अंशांवर मध्यम फळाला पाऊण तासाच्या आसपास लागतो, परंतु आचेचा धुरकट वास त्यात येत नाही. भाजल्यावर झाकून ठेवावे म्हणजे साल सुटते. सोलताना ते पाण्याखाली धरू नये, कारण धुराचा सगळा वास त्या पाण्याबरोबर जातो. गर चाळणीत ठेवून निथळू द्यावा. खाली जमणारे तपकिरी पाणी चाखून पाहिले तर कडवटपणा कुठे जातो ते कळेल. उरलेला गर गोठवून ठेवता येतो. कच्च्या फोडी गोठवल्या तर त्यांचा चिखल होतो.

कुंडीतले_रान

टोचे मारण्याऐवजी एक उभी चीर देऊन फळ उघडून पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. दक्षिण आणि आग्नेय आशियात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्याचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे आणि तिचे फळात शिरण्याचे छिद्र इतके बारीक असते की ते भरून येते. आपल्याला जे मोठे भोक दिसते ते अळी बाहेर पडल्याचे असते. म्हणजे भोक असलेले फळ बहुधा रिकामे आणि निर्दोष दिसणारे फळ कदाचित भरलेले, असा उलटा प्रकार आहे.

झाडावर तिची चाहूल आधी शेंड्यात लागते. एखादाच कोवळा शेंडा मान टाकून लोंबत असेल आणि बाकीचे झाड ताजे असेल, तर तो शेंडा अळीसकट खाली दोन बोटे घेऊन कापावा आणि नष्ट करावा. हे दर आठवड्याला नेमाने केले तर घरच्या चार-पाच झाडांवर फवारणीची वेळ सहसा येत नाही. पतंग रात्री अंडी घालतात, म्हणून बारीक जाळीही उपयोगी पडते. मात्र मग भुंगेही आत येणार नाहीत आणि ब्रशचे काम सूक्ष्मदर्शी यांनी सांगितल्याप्रमाणे आपल्यालाच करावे लागेल.

नवी_माळीण

एक शेवटची शंका. पानांआड राहून गेलेले एक फळ आता निस्तेज होऊन पिवळट पडले आहे. ते स्वयंपाकाला चालणार नाही हे कळले. ते काढून टाकावे का?

हिरवी_ओंजळ

जात संकरित असेल तर काढून टाकावे. पिकणाऱ्या बिया झाडाची शक्ती ओढून घेतात आणि नवी फुले कमी येतात, शिवाय संकरित वाणाचे बी लावले तर पुढची झाडे मूळ झाडासारखी निघत नाहीत. जात सरळ वाणाची असेल आणि जवळपास दुसऱ्या जातीचे वांगे फुलत नसेल, तर तेच एक फळ बियांसाठी राखावे. ते पूर्ण पिवळे किंवा तपकिरी होऊन मऊ पडू द्यावे, मग गर कुस्करून पाण्यात ढवळावा. भरलेल्या बिया तळाशी बसतात, पोचट बिया गराबरोबर वर तरंगतात. त्या ओतून द्याव्यात. तळाच्या बिया सावलीत वाळवाव्यात. कागदावर पसरल्या तर त्या चिकटून बसतात, म्हणून ताटली वापरावी आणि दिवसातून एकदा बोटाने हलवावे. दोन बोटांत वाकवल्यावर बी न वाकता तुटले की ते डबीत भरण्याइतके वाळले. कोरड्या, थंड जागी चार वर्षांपर्यंत ते बऱ्यापैकी उगवते. डबीवर जातीचे नाव आणि वर्ष तेवढे आजच लिहून ठेवा.